पाण्याची माणसं

एकेक सत्त्याहत्तर किलोचा, असे चोवीस.
धड आहे, डोकं नाही, पाय नाहीत.
नळी लावून मी त्यांच्यात पाणी भरतो,
बगलेपाशी बूच घट्ट पिळतो,
आणि दिलबहादूर त्यांना सीटवर बसवतो,
दवाखान्यात म्हाताऱ्याला बसवावं तसं,
पाठीला हात लावून.
छातीवरचा दांडा खाली. खटक्.
दिवा हिरवा.
रात्रीचे पावणेदोन, चौतीस अंश,
चष्म्यावर समुद्र घामासारखा.
योखेन रेडिओवर म्हणतो, सोड.

गाडी सुटते.
साखळी नाही, पट्टा नाही, नुसते चुंबक.
शून्यावरून शंभरावर अडीच सेकंदांत,
सुळक्यावर चढते, थांबते, उलटी परत येते,
पुन्हा पुढे.
माहितीपत्रकात तिला ससाण्याचं नाव आहे.
मी अण्णाप्पा मगदुमाचा मुलगा, इचलकरंजीचा,
मला हा धोटा दिसतो.
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
फक्त कापड कुठे निघतंय ते कळत नाही.

प्लॅनिंगच्या कंटेनरमध्ये भिंतभर तक्ता आहे,
निळ्या पट्ट्या, पिवळ्या पट्ट्या, एक लाल.
लाल पट्टीवर आम्ही.
आमच्याआधी पाया, पायाच्या आधी पाण्याचा उपसा
(अबुधाबीत दोन मीटर खणलं की समुद्र वर येतो,
काय चाललंय ते विचारायला),
आमच्यानंतर रंगारी, झाडंवाले, फटाकेवाले.
उन्हाळ्यात साडेबारा ते तीन काम बंद, कायदाच आहे,
म्हणून पट्ट्या रात्रीकडे सरकतात.
मग ब्रेकच्या पात्यांची पेटी जेबेल अलीला अडकली: अकरा दिवस.
मग सेन्सरमध्ये वाळू: नऊ दिवस.
किनाऱ्यावरची नव्हे. मैद्याहून बारीक,
बंद डब्यातल्या बंद डब्यात सापडते ती.
मार्चचा ऑक्टोबर झाला.
कुंपणाच्या पत्र्यावर हसणारी मुलं रंगवलीत,
त्यांच्या डोक्यावरची तारीख
पांढऱ्या रंगाने पुसून पुन्हा लिहिली.
मुलं होती तशीच हसतायत.

पद्मजा व्हिडिओवर विचारते, पप्पा, केवढ्या उंचीला बसू देतात?
एकशे तीस, मी म्हणतो.
फोन हलतो, दाराची चौकट दिसते,
पेन्सिलची रेघ: एकशे सत्तावीस.
मग उशीर झाला तर बरंच की, ती म्हणते.

सबंध साइटचा उशीर आवडलेली
ती एकटी.
तेव्हापासून मीटिंगमध्ये लाल पट्टी सरकली
की सगळ्यांचे चेहरे उतरतात
आणि मी मनात अर्धा सेंटिमीटर मोजतो.

चार हजार फेऱ्यांनंतर जिवंत माणसं लागतात.
रोवेनाने वजनं पाहून यादी केली.
पाण्याच्या माणसाने ओली केलेली सीट,
तिच्यावर मी. खटक्.
सुळक्याच्या टोकाशी गाडी थांबते
तेव्हा अंगाला वजन नसतं. दीड सेकंद.
त्यात दिसलं ते एवढं:
काळी खाडी, पलीकडे मुसफ्फाहचे दिवे,
त्यातला आमच्या कॅम्पचा कुठला ते ओळखेपर्यंत
जग उलटं धावायला लागलं.
खाली योखेन कागद घेऊन उभा.
काय जाणवलं, म्हणाला.
तिसऱ्या चाकाला किंचित आवाज आहे, मी म्हणालो.
होता.

आमची पट्टी नऊ ऑक्टोबरला संपते.
दारं वीसला उघडणार.
चौकटीवरची रेघ एकशे तीस, वर केसभर.
तिला मी दांड्याचा खटका
तोंडाने करून दाखवला.
तिने तो पुन्हा करायला लावला,
मग स्वतः केला, माझ्याहून चांगला.

शेवटच्या रात्री बुचं काढली.
गटारात कशाला, दिलबहादूर म्हणाला.
नव्या खजुरांच्या झावळ्या अजून सुतळीने बांधलेल्या होत्या,
झोपेतून उठवून आणल्यासारखे उभे होते बिचारे.
चोवीस माणसं आम्ही त्यांच्या बुडाशी ओतली,
चपटी झालेली कातडी पुसून, घड्या घालून
पेटीत रचली.
पेटीवर रियाधचं लेबल.
माझ्या बॅगेवरही तेच.